उच्चदाब पोलादी नळांसाठी वितळजोड-पद्धतीची निवड

बाष्पित्रातून निघालेली वाफ टर्बाइनापर्यंत नेणारा नळ हा कारखान्यातील सर्वांत कमी लक्ष वेधून घेणारा भाग होय. त्याला फिरणारे अवयव नसतात, त्याचा आवाज होत नाही, आणि उष्णतारोधक आवरणाखाली झाकलेला असल्याने तो दृष्टीसही पडत नाही. परंतु त्याच्या भिंतीआड कोंडलेल्या वाफेत साठलेली ऊर्जा एवढी असते की, भिंत एका ठिकाणी जरी फाटली तरी जवळपास उभ्या असलेल्या माणसाला सावध होण्यास अवसर मिळत नाही. नळ तयार करणाऱ्या गिरणीतून तो ठरावीक लांबीच्या तुकड्यांनी येतो. हे तुकडे, कोपरे आणि झडपा एकमेकांस जोडण्याचे काम कोणीतरी वेल्डर, कधी कार्यशाळेत तर कधी उंच परांचीवर आडवा होऊन, करीत असतो. म्हणजेच नळाचा धातू गिरणीच्या नियंत्रणाखाली जन्मास येतो. सांध्याचा धातू मात्र जागेवर, एका माणसाच्या हातून, काही तासांत जन्म घेतो. संपूर्ण नळमार्गाची विश्वसनीयता या दुसऱ्या धातूवर अवलंबून असते.

वितळजोडकामाच्या, म्हणजे सर्वतोमुखी झालेल्या शब्दात वेल्डिंगच्या, आज अनेक पद्धती प्रचारात आहेत. त्यांपैकी सर्वोत्तम कोणती, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. परंतु प्रश्नाची ही मांडणी सदोष आहे. पद्धत स्वतःच्या ठायी चांगली वा वाईट नसते. नळाचे पोलाद कोणते, भिंत किती जाड, काम कोठे आणि कोणत्या स्थितीत करावयाचे, आणि झालेले काम तपासावयाचे कसे, या चार गोष्टी ठरल्यानंतरच योग्य पद्धत कोणती ते सांगता येते. प्रस्तुत लेखात हाच विचार क्रमाने मांडला आहे.

सांध्यावर येणारा ताण

आतून दाब असलेल्या नळाच्या भिंतीत दोन दिशांनी ताण उत्पन्न होतो. एक परिघाच्या दिशेने आणि दुसरा लांबीच्या दिशेने. पातळ भिंतीच्या नळाबाबत परिघीय ताण हा दाब गुणिले व्यास भागिले भिंतीच्या जाडीची दुप्पट, एवढा असतो. आणि लांबीच्या दिशेचा ताण त्याच्या निम्मा असतो. उदाहरणार्थ, २१९ मिलिमीटर बाह्य व्यासाच्या व सुमारे १८ मिलिमीटर जाडीच्या नळात दर चौरस सेंटिमीटरला ८७ किलोग्रॅम दाबाची वाफ असेल, तर परिघीय ताण सुमारे ५२० किलोग्रॅम आणि लांबीचा ताण सुमारे २६० किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर येतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. दोन तुकडे टोकास टोक लावून केलेला वर्तुळाकार सांधा दाबामुळे लांबीच्या दिशेनेच ओढला जातो, म्हणजे त्याच्यावर निम्मा ताण येतो. परंतु पत्रा वळवून, लांबीभर शिवण घालून नळ केलेला असेल तर त्या उभ्या सांध्यावर पूर्ण परिघीय ताण येतो. अमेरिकेतील नेव्हाडा राज्यात लाफ्लिन येथील मोहावी वीजकेंद्रात ९ जून १९८५ रोजी पुनर्तापित वाफेचा सुमारे ३० इंच व्यासाचा नळ फाटून सहा माणसे मृत्युमुखी पडली. हा नळ अशा उभ्या सांध्याचा होता. सुमारे ५४० अंश सेल्सिअस तापमानात वर्षानुवर्षे राहिल्याने धातूत जे मंद, सतत चालणारे विरूपण होते, ज्यास विसर्पण म्हणतात, त्याने सांध्याच्या कडेचा धातू आतून पोखरला होता. पुढे अशा सांध्यांचा जो अभ्यास झाला त्यात जोडधातूच्या सीमेवर साठलेले ऑक्साइडादि सूक्ष्म कण आणि ते ज्यातून येतात त्या अभिवाहाचा प्रकार, यांकडेही लक्ष वेधले गेले. म्हणजे पद्धतीची निवड ही सांध्याच्या पहिल्या दिवसापुरती बाब नसून त्याच्या विसाव्या वर्षाचीही बाब आहे.

तथापि वर्तुळाकार सांध्यावर निम्माच ताण येतो एवढ्यावरून निश्चिंत होणे योग्य नाही. तीस मीटर लांबीचा पोलादी नळ सामान्य तापमानापासून सुमारे ५०० अंशांपर्यंत तापला की त्याची लांबी जवळजवळ २०० मिलिमीटरांनी वाढते. ही वाढ सामावून घेण्यासाठी नळमार्गास वळणे दिलेली असतात, आणि त्या वळणांच्या वाकण्याचा भार नेमका वर्तुळाकार सांध्यांवर पडतो. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की हा भार दर वेळी जातो आणि येतो. सांध्याच्या तळाशी अर्धवट वितळलेली एखादी रेष राहिलेली असेल तर याच आवर्तनांनी ती तड्याचे रूप घेते.

प्रचारातील पद्धती

रशियातील बेनार्डोस यांनी कार्बनाच्या कांडीने आणि स्लाव्ह्यानोव्ह यांनी धातूच्या कांडीने विद्युत् प्रज्योत पेटवून जोडकाम करण्याचे प्रयोग १८८० च्या दशकात केले. उघड्या कांडीने केलेला सांधा हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजन यांमुळे ठिसूळ होत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांनी कांडीस लेप देण्याची युक्ती काढली. लेप जळून वायूचे कवच तयार होते आणि वितळलेल्या धातूवर धातुमळीचा थर येतो. कारखान्यात ज्यास नुसते ‘रॉड’ म्हणतात ते हेच लेपित विद्युत् अग्र. साधने थोडी, कोणत्याही स्थितीत काम शक्य आणि वाऱ्याची फारशी भीती नाही, या तीन गुणांमुळे ही पद्धत आजही नळकामात टिकून आहे.

दुसरी पद्धत टंगस्टनच्या न वितळणाऱ्या अग्राची. १९४० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेत विमानांच्या मॅग्नेशियमाच्या भागांसाठी ती व्यवहारात आली. टंगस्टनच्या टोकाशी प्रज्योत जळते, भोवती आर्गॉन किंवा हीलियम यांसारख्या निष्क्रिय वायूचे आवरण असते, आणि भरणीची तार वेल्डर दुसऱ्या हाताने सोडतो. कारखान्यात हिला ‘टिग’ किंवा ‘आर्गॉन वेल्डिंग’ म्हणतात. हिच्यात धातुमळी मुळीच नसते.

तिसऱ्या गटात तार हीच अग्र असते आणि ती यंत्राने अखंड पुरविली जाते. भरीव तारेभोवती वायू सोडला तर ती ‘मिग’ अथवा कार्बन डाय-ऑक्साइड पद्धत होय. पोकळ तारेत अभिवाह भरलेला असला तर ती अभिवाहगर्भ तारेची पद्धत होय. चौथी पद्धत निमज्जित प्रज्योतीची. तीत तारेचे टोक दाणेदार अभिवाहाच्या ढिगाखाली जळते, प्रज्योत दिसत नाही आणि धातू फार वेगाने भरला जातो. ऑक्सि-ॲसिटिलीन ज्योतीने लहान व्यासाच्या नळ्या जोडण्याची रीत पूर्वी सर्रास होती. परंतु तिची उष्णता पसरट आणि काम मंद असल्याने उच्चदाबाच्या नळांतून ती आता जवळजवळ निवृत्त झाली आहे.

मूळथराचा प्रश्न

नळाच्या जोडकामाचे वैशिष्ट्य असे की, वेल्डर बाहेर असतो आणि सांध्याचा सर्वांत नाजूक भाग आत असतो. पत्र्याचा सांधा उलटून मागच्या बाजूने खरवडता येतो, पुन्हा भरता येतो. नळाबाबत ही सोय बहुधा नसते. दोन्ही टोकांस उतार देऊन आणि मध्ये सुमारे अडीच-तीन मिलिमीटरांची फट ठेवून जो पहिला थर घालतात तो मूळथर, म्हणजेच वेल्डरच्या भाषेतील ‘रूट’. या थराने दोन्ही कडा आतपर्यंत पूर्ण वितळल्या पाहिजेत. मात्र धातू आत ओघळून नळाचा मार्ग अरुंद करता कामा नये.

लेपित रॉडने मूळथर घालताना एकच विद्युत् प्रवाह दोन कामे करीत असतो. तो कडा वितळवितो आणि त्याच वेळी रॉडही वितळवून धातू ओततो. फट जरा रुंद झाली तरी धातू ओतणे थांबविता येत नाही, आणि फट अरुंद झाली तर कडा वितळण्याआधीच धातू वर साचतो. शिवाय धातुमळीचा काही भाग नळाच्या आत चिकटून राहतो. पाण्याच्या नळात याने विशेष बिघडत नाही. परंतु वाफेच्या नळात हीच मळी पुढे सुटून, वाफेच्या वेगाने जाऊन टर्बाइनाच्या पात्यांवर आदळते.

टिग पद्धतीत ही दोन कामे विभक्त होतात. उष्णता टंगस्टनच्या टोकाकडून येते व धातू तारेकडून. वेल्डर कडा वितळल्याची खूण डोळ्यांनी पाहतो आणि मगच तार पुढे करतो. उच्चदाबाच्या नळांसाठी टिगचा मूळथर सर्वमान्य झाला आहे, तो धातू अधिक बळकट असतो म्हणून नव्हे, तर तो पाहून घालता येतो म्हणून. पूर्वी मूळथराखाली आतून पोलादी कडे बसविण्याची प्रथा होती. त्यामुळे काम सोपे होई. परंतु कड्यालगत राहणारी फट गंज आणि तडे यांना आश्रय देई, आणि प्रवाहासही अडथळा होई. टिग रुजल्यावर या प्रथेचे प्रयोजन बव्हंशी संपले.

पोलादातील क्रोमियमाचे प्रमाण वाढत गेले की आणखी एक काळजी घ्यावी लागते. बाहेरून आर्गॉनचे आवरण असले तरी आतल्या बाजूस हवा असते, आणि वितळलेल्या मूळथराची आतील बाजू ऑक्सिजनाशी संयोग पावून खडबडीत, काळी व रवाळ होते. ती टाळण्यासाठी नळाच्या आतही आर्गॉन भरून हवा हुसकावून लावतात. अगंज पोलाद व नऊ टक्के क्रोमियमाचे पोलाद यांबाबत हे अपरिहार्य आहे. सव्वादोन टक्के क्रोमियमाच्या पोलादासही ते हितावह असते.

हायड्रोजन आणि उशिरा येणारा तडा

मूळथरावरचे थर घालताना निवडीचा विचार बदलतो. येथे मुख्य शत्रू हायड्रोजन होय. रॉडच्या लेपातील ओलावा, कडांवरील तेल, रंग किंवा गंज यांतून हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो. धातू थिजला की तो आत अडकतो, आणि सांध्यालगतच्या उष्णताबाधित पट्ट्याकडे सरकतो. हा पट्टा चटकन थंड झाल्यास तेथे मार्टेन्साइट नावाची कठीण व ठिसूळ घडण तयार होते. हायड्रोजन, ठिसूळ घडण आणि आकुंचनाचा ताण ही तिन्ही एकत्र आली की, सांधा थंड झाल्यानंतर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, तडा जातो. काम संपताच केलेल्या तपासणीत निर्दोष ठरलेला सांधा दुसऱ्या दिवशी तडकलेला असू शकतो, आणि याच कारणाने अशा पोलादांची अंतिम तपासणी एक-दोन दिवस थांबून करणे शहाणपणाचे ठरते.

पोलाद कितपत कठीण होण्याजोगे आहे याचा अंदाज ‘कार्बन-तुल्यांक’ नावाच्या संख्येवरून बांधतात. कार्बनाच्या टक्केवारीत मँगॅनीजाचा सहावा हिस्सा, क्रोमियम, मॉलिब्डेनम व व्हॅनेडियम यांच्या बेरजेचा पाचवा हिस्सा आणि निकेल व तांबे यांच्या बेरजेचा पंधरावा हिस्सा मिळविला की हा तुल्यांक येतो. ०·२२ टक्के कार्बन व ०·८० टक्के मँगॅनीज असलेल्या साध्या पोलादाचा तुल्यांक सुमारे ०·३५ येतो. ०·१० टक्के कार्बन, ०·४५ टक्के मँगॅनीज, सव्वादोन टक्के क्रोमियम व एक टक्का मॉलिब्डेनम असलेल्या पोलादाचा तो सुमारे ०·८२ येतो. हे सूत्र मुळात कार्बन-मँगॅनीज पोलादांसाठी बसविलेले आहे. मिश्रपोलादाबाबत त्याचा उपयोग केवळ तुलनेपुरता करावा. परंतु तुलना बोलकी आहे. कार्बन कमी असूनही दुसरे पोलाद किती अधिक सावधगिरी मागते ते तीवरून दिसते.

या दृष्टीने लेपाचा प्रकार निर्णायक ठरतो. सेल्युलोजयुक्त लेपाचा रॉड खोलवर भेदतो व वेगाने काम देतो. म्हणून मैदानातून जाणाऱ्या तेल-वायूच्या लांब नळमार्गांवर तो प्रिय आहे. परंतु त्याने भरलेल्या शंभर ग्रॅम धातूत तीस घन सेंटिमीटरांहून अधिक हायड्रोजन उतरतो. चुनखडी व फ्लोरस्पार यांच्या क्षारीय लेपाचा रॉड, ज्याची परिचित जात ७०१८ ही आहे, नीट सुकविलेला असल्यास हेच प्रमाण पाच घन सेंटिमीटरांच्या आसपास किंवा त्याहून खाली ठेवतो. ‘नीट सुकविलेला असल्यास’ ही अट मात्र कागदावर राहता उपयोगी नाही. क्षारीय लेप हवेतील ओलावा शोषतो. म्हणून असे रॉड सामान्यतः ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजून, नंतर शंभराहून अधिक अंशांच्या पेटीत ठेवून, वेल्डरने लागतील तसे थोडे थोडे काढावयाचे असतात. रॉडचा उघडा पुडा रात्रभर बाहेर राहिला तर ती क्षारीय लेपाची पद्धत केवळ नावापुरती उरते.

हायड्रोजनाविरुद्ध दुसरे शस्त्र पूर्वतापन होय. सव्वादोन टक्के क्रोमियमाच्या पोलादास जोडण्यापूर्वी १५० ते २०० अंशांपर्यंत तापवून काम संपेपर्यंत ते तापमान राखतात. त्यामुळे धातू सावकाश निवतो आणि हायड्रोजनास बाहेर पडण्यास वेळ मिळतो. जोडकामानंतर ७०० अंशांच्या आसपास वा थोडे वर उष्णता-संस्करण करून कठीण घडण मृदू करतात व अडकलेला ताण सोडवितात. नऊ टक्के क्रोमियमाच्या ‘पी-९१’ पोलादात येथे एक अधिक बारकावा असतो. संस्करणापूर्वी सांधा शंभर अंशांच्या आसपास निवू द्यावा लागतो, अन्यथा मार्टेन्साइटाचे रूपांतर अपुरे राहते आणि संस्करणाचा उद्देश विफल होतो.

वेग आणि काटकसर

पद्धतीची निवड करताना खर्चाचा विचार वर्ज्य नाही. तो फक्त योग्य जागी केला पाहिजे. वर उल्लेखिलेल्या २१९ मिलिमीटर व्यासाच्या व १८ मिलिमीटर जाडीच्या नळाचा सांधा घेऊ. कडांमधील एकूण कोन ६० अंश आणि तळाशी फट ३ मिलिमीटर धरल्यास खाचेचा छेद सुमारे २४० चौरस मिलिमीटर येतो. सरासरी परिघ ६५० मिलिमीटर धरला तर भरावयाचा धातू सुमारे सव्वा किलोग्रॅम होतो. टिगने हाताने तासाला अर्धा किलोग्रॅमच्या आसपास धातू भरता येतो. म्हणजे सर्व सांधा टिगने करण्यास प्रज्योतीचेच अडीच तास लागतील. रॉडने तासाला सुमारे एक किलो दोनशे ग्रॅम धातू भरता येतो असे धरले तर तोच सांधा तासाभरात भरेल.

आता तळाच्या पाच मिलिमीटर उंचीचा हिशेब पाहावा. त्या भागाचा छेद सुमारे ३० चौरस मिलिमीटर, म्हणजे एकूण छेदाचा आठवा हिस्सा. तेवढाच भाग टिगने व उरलेला रॉडने भरल्यास प्रज्योतीचा एकूण वेळ सव्वा तासाच्या आत राहतो. दोषाचा धोका ज्या भागात सर्वाधिक असतो तेथे मंद पण डोळस पद्धत, आणि धातूचे प्रमाण जेथे सर्वाधिक तेथे वेगवान पद्धत, अशी ही विभागणी आहे. नळकामात ‘टिग मूळथर व रॉडचे भरणथर’ हा संयोग रूढ झाला त्याचे कारण या हिशेबात आहे. भिंत पाच-सहा मिलिमीटरांपेक्षा पातळ असेल तर मात्र हा संयोग निरर्थक ठरतो, कारण दोन-तीन थरांत काम संपते व पद्धत बदलण्यातच वेळ जातो. अशा नळ्या संपूर्ण टिगनेच जोडाव्यात.

वेगाबरोबर उष्णतेचेही भान ठेवावे लागते. प्रज्योतीचा विद्युत् दाब, प्रवाह व ६० यांच्या गुणाकारास दर मिनिटाच्या मिलिमीटर गतीने भागले की दर मिलिमीटरला मिळणारी उष्णता जूलमध्ये येते. २४ व्होल्ट, १२० अँपिअर व मिनिटाला १५० मिलिमीटर गती असल्यास ती सुमारे १,१५० जूल होते. रॉड झुलवत रुंद थर घालणारा वेल्डर प्रवाह न वाढविताही ही उष्णता दुप्पट करतो. कणरचना जाड होऊन धातूची आघात सोसण्याची शक्ती घटते.

कार्यशाळा आणि प्रत्यक्ष जागा

कार्यशाळेत नळ रुळांवर फिरवता येतो आणि वेल्डिंग नेहमी वरच्या बाजूस, सपाट स्थितीत करता येते. अशा वेळी जाड भिंतीच्या व मोठ्या व्यासाच्या नळांसाठी निमज्जित प्रज्योत उत्कृष्ट ठरते. तासाला अनेक किलोग्रॅम धातू भरता येतो. लहान व्यासावर मात्र अभिवाहाचे दाणे व वितळलेला धातू दोन्ही घसरून पडतात. जागेवर, जेथे नळ फिरत नाही, तेथे हिचा उपयोग शून्य होय.

जागेवर वारा असतो. आर्गॉन किंवा कार्बन डाय-ऑक्साइड यांचे कवच सेकंदाला सुमारे दोन मीटर वेगाच्या झुळकीनेही विस्कटू लागते आणि धातूत सच्छिद्रता येते. म्हणून टिगच्या मूळथरासाठी ताडपत्रीचा आडोसा हा कामाचाच भाग समजला पाहिजे. रॉड या बाबतीत सहनशील असतो. म्हणूनच मिगचा वेग आकर्षक असला तरी उघड्यावरच्या नळकामात तिला सावधपणेच जागा दिली जाते. शक्य तितके सांधे कार्यशाळेत उरकून जागेवरच्या सांध्यांची संख्या कमी करणे, हा आराखडा आखतानाच घ्यावयाचा निर्णय होय. आणि पद्धतीच्या निवडीइतकाच तो परिणामकारक ठरतो.

दिसणारे व न दिसणारे दोष

ज्या पद्धतीचे दोष तपासणीत सापडतात ती पद्धत, ज्या पद्धतीचे दोष लपतात तिच्यापेक्षा श्रेयस्कर होय. हा निकष सहसा दुर्लक्षिला जातो. रॉडच्या कामात राहणारे दोष मुख्यतः धातुमळीचे कण व वायूची छिद्रे हे असतात. त्यांना आकारमान असल्यामुळे क्ष-किरण अथवा इरिडियम-१९२ च्या गॅमा किरणांच्या छायाचित्रात ते काळ्या डागांच्या रूपाने दिसतात. कमी प्रवाहाच्या, थेंब टेकवीत चालणाऱ्या मिग पद्धतीत मात्र वितळलेला धातू न वितळलेल्या कडेवर नुसता टेकून राहण्याचा संभव असतो. वरून सांधा गुळगुळीत व देखणा दिसतो. हा दोष कागदासारखा पातळ व तिरपा असल्याने किरण त्यास समांतर गेले नाहीत तर छायाचित्रात त्याचा मागमूसही लागत नाही. तो शोधण्यास श्रवणातीत ध्वनिलहरींची तपासणी लागते. म्हणून मिग वापरावयाची ठरल्यास तपासणीची पद्धतही त्याच वेळी बदलली पाहिजे. पद्धत नवी आणि तपासणी जुनी, ही जोडी घातक होय.

या संदर्भात इतिहास उद्बोधक आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या ब्रॉकटन गावी २० मार्च १९०५ रोजी एका पादत्राणांच्या कारखान्यातील बाष्पित्र फुटून ५८ माणसे दगावली. पत्र्यावर पत्रा ठेवून रिबिटांनी जोडलेल्या त्या सांध्यातील तडा झाकला गेल्याने कोणास दिसला नव्हता. या व अशाच अपघातांतून तेथील यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेची बाष्पित्रविषयक संहिता १९१४-१५ मध्ये सिद्ध झाली. वितळजोडीच्या पिंपांना त्या संहितेत मोकळेपणाने स्थान मिळाले ते मात्र १९३० नंतर, म्हणजे क्ष-किरण तपासणीची जोड मिळाल्यावर. सांध्यावरील विश्वास हा तो पाहता येण्याच्या क्षमतेमागून आला.

एक उदाहरण

महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या नळकामात झालेले स्थित्यंतर हे या सर्व विवेचनाचे चांगले उदाहरण होय. १९५० च्या दशकात सहकारी कारखाने उभे राहू लागले तेव्हा बाष्पित्रांचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २१ किलोग्रॅमच्या आसपास असे, आणि साध्या कार्बन-पोलादाचे नळ पुरत. पुढे उसाच्या चिपाडावर वीजनिर्मिती करून ती विकण्याचे धोरण आल्यावर ६७, ८७ आणि ११० किलोग्रॅम दाबाची बाष्पित्रे बसू लागली. वाफेचे तापमान ५०० अंशांच्या पलीकडे गेले. या तापमानास कार्बन-पोलाद टिकत नाही. नळ क्रोमियम-मॉलिब्डेनमाचे झाले. ज्या कामगारांचा हात साध्या नळावर बसलेला होता त्यांच्यापुढे दिसायला तसाच, परंतु स्वभावाने सर्वस्वी निराळा धातू आला.

अशा कारखान्यात ८७ किलोग्रॅम दाबाच्या, ५१५ अंश तापमानाच्या मुख्य बाष्पनळाचा एक सांधा बदलावयाचा आहे असे समजू. नळ सव्वादोन टक्के क्रोमियमाचा, शिवणरहित, १८ मिलिमीटर जाडीचा आहे व तो जागेवर आडवा, न फिरणारा आहे. निमज्जित प्रज्योत स्थितीमुळेच बाद होते. मिग वारा व छुपे दोष यांमुळे बाद होते. सेल्युलोजयुक्त रॉड हायड्रोजनामुळे बाद होतो. संपूर्ण टिग शक्य आहे, परंतु वेळ दुप्पट लागतो. उरतो तो संयोग: आतून आर्गॉन भरून टिगचे पहिले दोन थर, आणि वर त्याच मिश्रणाचे, ‘बी-३’ वर्गाचे क्षारीय रॉड, आरंभापासून अखेरपर्यंत १५० अंशांहून अधिक पूर्वतापन, नंतर उष्णता-संस्करण, आणि शेवटी गॅमा व ध्वनिलहरी या दोन्ही तपासण्या.

येथे दोन स्थानिक अडचणी लक्षात घ्याव्या लागतात. कारखान्याची दुरुस्ती गळीत हंगाम संपल्यावर होते, म्हणजे तिचा बराच काळ पावसाळ्यात जातो. हवेत ओलावा सर्वाधिक असतो त्याच महिन्यांत ओलाव्यास सर्वाधिक हळवे असलेले रॉड वापरले जातात. रॉड भाजण्याची भट्टी चालू आहे की नाही हे पाहणे, हे अशा वेळी रॉडची जात निवडण्याइतकेच महत्त्वाचे होय. दुसरी अडचण सरमिसळीची. साध्या पोलादाचा ७०१८ रॉड आणि मिश्रपोलादाचा रॉड यांत डोळ्यांना फरक दिसत नाही. चुकून साधा रॉड वापरला गेला तर सांधा दाबाच्या चाचणीत उत्तीर्ण होतो, छायाचित्रातही निर्दोष दिसतो, आणि काही हंगामांनंतर विसर्पणाने उघडतो. म्हणून झालेल्या सांध्याची मिश्रधातू ओळखणाऱ्या उपकरणाने परीक्षा करावी. ती काही सेकंदांची असते.

कार्यपद्धतीची आणि माणसाची कसोटी

पद्धत ठरली म्हणजे निवड पूर्ण झाली असे नाही. ठरविलेली कार्यपद्धती त्याच पोलादाच्या नमुन्यावर प्रत्यक्ष वापरून, त्या सांध्याच्या पट्ट्या ताणून व वाकवून पाहतात. ही कार्यपद्धतीची कसोटी. त्यानंतर ती अमलात आणणाऱ्या वेल्डरची कसोटी वेगळी घेतली जाते. आडव्या स्थिर नळाची स्थिती ‘५ जी’ आणि ४५ अंशांत तिरप्या स्थिर नळाची स्थिती ‘६ जी’ म्हणून ओळखली जाते. दुसरीत खालून, बाजूने व वरून अशा सर्व अवस्था एकाच सांध्यात येत असल्याने ती सर्वांत कठीण समजतात. भारतात १९२३ च्या बाष्पित्र कायद्याखाली १९५० साली सिद्ध झालेल्या नियमावलीने बाष्पनळ व वेल्डरच्या परीक्षा यांना नियमांच्या कक्षेत आणले. त्या कायद्याची जागा २०२५ साली नव्या बाष्पित्र कायद्याने घेतली. कायदा किमान मर्यादा आखून देतो. त्या मर्यादेच्या आत कोणती पद्धत कोठे वापरावी, हा विवेक अभियंत्यालाच करावा लागतो.

सारांश, निवडीचा क्रम असा असावा: प्रथम पोलाद पाहावे, कारण त्यावरून हायड्रोजनाची सहनशीलता व तापनाची आवश्यकता ठरते, नंतर भिंतीची जाडी पाहावी, कारण तीवरून एक पद्धत की दोन हे ठरते, नंतर जागा व स्थिती पाहावी, कारण त्यांवरून कित्येक पद्धती आपोआप गळतात, आणि सर्वांत शेवटी, परंतु काम सुरू होण्यापूर्वी, त्या पद्धतीचे दोष कोणत्या तपासणीत सापडतील ते निश्चित करावे. खर्चाचा विचार या चार चाळण्यांतून जे उरेल त्यापुरता करावा. हा क्रम उलटा केला, म्हणजे उपलब्ध असलेले यंत्र व स्वस्त असलेला रॉड यांपासून आरंभ केला, तर सांधा त्या दिवशी भरेल, वाफही वाहू लागेल; परंतु त्या नळाखालून रोज ये-जा करणाऱ्या माणसांच्या सुरक्षिततेची हमी त्यातून मिळणार नाही.